न्यू यॉर्कची पाच हजार मते

अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर लढल्या गेलेल्या निवडणुकांचा विषय निघाला की अब्राहम लिंकन विजयी झाले ती १८६० ची निवडणूक प्रथम डोळ्यांसमोर येते. परंतु ‘निकाल वेगळा लागला असता तर’ या प्रश्नासाठी तिच्यापेक्षा १८४४ ची निवडणूक अधिक योग्य आहे. १८६० पर्यंत उत्तर आणि दक्षिण यांच्यातील वैर इतके पक्के झाले होते की लिंकन यांच्या पराभवाने संघर्ष फार तर काही वर्षे लांबला असता. १८४४ मध्ये मात्र ते वैर अजून जुन्या पक्षांच्या चौकटीत मावत होते आणि देशाला युद्धाकडे नेणाऱ्या घटनांची साखळी सुरू व्हायची होती. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स पोल्क यांनी व्हिग पक्षाचे हेन्री क्ले यांचा पराभव केला. देशभरात पडलेल्या सुमारे २७ लाख मतांमध्ये पोल्क यांची आघाडी ४० हजारांच्या आत होती, आणि निकाल प्रत्यक्षात ठरला तो एकट्या न्यू यॉर्क राज्यातील ५,१०६ मतांनी.

एका राज्याला एवढे वजन कसे येते हे समजण्यासाठी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निवडण्याची पद्धत पाहावी लागते. मतदार थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नाहीत. प्रत्येक राज्य ठरावीक संख्येचे निर्वाचक पाठवते आणि या निर्वाचक मंडळात ज्याला निम्म्याहून अधिक मते मिळतात तो विजयी होतो. राज्याच्या निर्वाचकांची संख्या म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांतील त्याच्या सदस्यांची बेरीज. कनिष्ठ सभागृहातील म्हणजे प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येवर ठरत, आणि ही लोकसंख्या मोजताना राज्यघटनेतील तरतुदीप्रमाणे गुलामांपैकी तीन-पंचमांश जणांची भर घातली जाई; त्यामुळे ज्यांना मताचाच काय, स्वतःच्या देहाचाही अधिकार नव्हता, त्यांच्या संख्येच्या बळावर त्यांच्या मालकांची राज्ये निर्वाचक मंडळात अधिक वजनदार होत. १८४४ मध्ये एकूण निर्वाचक २७५ होते. पोल्क यांना १७० आणि क्ले यांना १०५ मते मिळाली, आणि पोल्क यांच्या १७० मतांत न्यू यॉर्कची ३६ होती. ही ३६ मते क्ले यांच्याकडे गेली असती तर आकडे १४१ विरुद्ध १३४ असे होऊन क्ले राष्ट्राध्यक्ष झाले असते; दुसऱ्या कोणत्याही राज्याचा कौल बदलण्याची गरज नव्हती.

न्यू यॉर्कमध्ये तिसराही उमेदवार होता. लिबर्टी पार्टी या छोट्या गुलामगिरीविरोधी पक्षाचे जेम्स बर्नी हे मूळचे केंटकीचे, एके काळी स्वतः गुलाममालक असलेले आणि पुढे आपल्या गुलामांना मुक्त करून चळवळीत उतरलेले गृहस्थ होते. त्यांना या राज्यात १५,८१२ मते पडली. त्यांच्या मतदारांपैकी साधारण एक-तृतीयांश जण क्ले यांच्याकडे वळले असते तरी पोल्क हरले असते. याच राज्यात स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुषांना २५० डॉलर किमतीची मालमत्ता असल्याखेरीज मत देता येत नव्हते, आणि गोऱ्या पुरुषांवर अशी अट नव्हती. म्हणजे गुलामगिरीच्या भवितव्यावर परिणाम करणाऱ्या या निकालात तिची सर्वाधिक झळ ज्या समाजाला बसत होती त्याला जवळजवळ आवाजच नव्हता. अडीचशे डॉलरची ही अट नसती तर निकाल काय लागला असता, हाही खरे तर विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि पर्यायी इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

पर्यायी इतिहास म्हणजे घडलेल्या घटनाक्रमातील एखादा दुवा बदलून पुढचा क्रम तर्काने मांडण्याचा प्रयत्न. हा प्रयत्न कल्पनाविलासापासून वेगळा ठेवायचा तर काही बंधने पाळावी लागतात: बदल लहान असावा, तो त्या काळच्या माणसांना शक्य वाटणारा असावा, आणि त्याच्याशी संबंध नसलेल्या गोष्टी आहेत तशाच राहू द्याव्यात. १८४४ ची निवडणूक या कसोट्यांना उतरते, कारण हा प्रश्न नंतरच्या इतिहासकारांच्या आधी समकालीनांनीच विचारला होता. इलिनॉयमध्ये क्ले यांच्या वतीने निर्वाचकपदासाठी उभे असलेले तरुण वकील लिंकन यांनी ऑक्टोबर १८४५ मधील एका पत्रात असा हिशेब मांडला की न्यू यॉर्कमधील गुलामगिरीविरोधी व्हिगांनी क्ले यांना साथ दिली असती, तर ते राष्ट्राध्यक्ष झाले असते आणि टेक्सास अमेरिकेत आले नसते. अलीकडच्या काळात, २००३ मध्ये, गॅरी कॉर्नब्लिथ या इतिहासकाराने हाच धागा पुढे नेत असे प्रतिपादन केले की क्ले विजयी झाले असते तर मेक्सिकोशी युद्ध झाले नसते आणि १८६० च्या दशकातील यादवीही बहुधा टळली असती.

या सगळ्याच्या मुळाशी टेक्सास होते. मेक्सिकोपासून १८३६ मध्ये फुटून निघालेल्या या प्रजासत्ताकात बहुतेक गोरे रहिवासी अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेले होते आणि तेथे गुलामगिरी कायदेशीर होती. त्याला अमेरिकेत सामील करून घेतल्यास गुलामगिरीच्या प्रदेशाचा मोठा विस्तार होणार होता, आणि टेक्सासचे स्वातंत्र्य मान्य न करणाऱ्या मेक्सिकोशी युद्ध जवळजवळ अटळ होते. म्हणूनच मावळते राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांच्या सरकारने एप्रिल १८४४ मध्ये केलेला विलीनीकरणाचा करार सिनेटने जूनमध्ये १६ विरुद्ध ३५ मतांनी फेटाळला. दोन्ही मोठ्या पक्षांतील जुन्या नेत्यांना हा विषय निवडणुकीबाहेर ठेवायचा होता. डेमोक्रॅटिक पक्षाचे मार्टिन व्हॅन ब्युरेन आणि व्हिग पक्षाचे क्ले या दोघांचीही तातडीच्या विलीनीकरणाला विरोध करणारी पत्रे एप्रिलच्या अखेरीस एकाच दिवशी प्रसिद्ध झाली. व्हॅन ब्युरेन यांना त्याची किंमत लगेच मोजावी लागली. बाल्टिमोरच्या अधिवेशनात त्यांना पहिल्याच फेरीत बहुमत मिळाले, परंतु उमेदवारीसाठी पक्षाच्या नियमाप्रमाणे दोन-तृतीयांश मते लागत होती. ती मिळेनात, आणि नवव्या फेरीत टेनेसीचे माजी गव्हर्नर व विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते पोल्क यांच्या गळ्यात माळ पडली.

क्ले यांनी आपल्या पहिल्या पत्रावर ठाम राहायला हवे होते. दक्षिणेतील व्हिग बिथरलेले पाहून त्यांनी जुलै महिन्यात अलाबामातील संपादकांना पत्रे लिहिली, आणि युद्ध न होता, राष्ट्राची अप्रतिष्ठा न होता, सर्वांच्या संमतीने व न्याय्य अटींवर टेक्सास येणार असेल तर आपल्याला आनंदच होईल, असा खुलासा केला. गुलामगिरीचा मुद्दा या प्रश्नात निर्णायक मानू नये, असेही त्यांनी सुचवले. या खुलाशाने दक्षिणेत त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही, मात्र उत्तरेत ज्यांनी मन घट्ट करून एका गुलाममालकाला मत देण्याचे ठरवले होते त्यांना माघारी फिरण्यास कारण मिळाले. न्यू यॉर्कमधील पराभवाची आणखीही कारणे होती. परदेशातून आलेल्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीशी व्हिगांनी जवळीक केल्यामुळे आयरिश आणि जर्मन कॅथलिक मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे एकवटले, आणि त्या पक्षाने गव्हर्नरपदासाठी सायलस राइट यांच्यासारखा लोकप्रिय उमेदवार दिला होता. तरीही इतिहासाचा फाटा नेमका कोठे फुटू शकत होता हे सांगायचे, तर जुलै १८४४ मधील ही पत्रेच पुढे करावी लागतात, कारण ती न लिहिणे सर्वस्वी एका माणसाच्या हातात होते.

बर्नी यांच्या मतदारांवर ‘मत वाया घालवणारे’ असा ठपका तेव्हाही आला आणि आजही येतो. त्यांची भूमिका नीट पाहिली तर तो अन्यायाचा वाटतो. गुलामगिरीविरोधी चळवळीत तेव्हा फूट पडलेली होती: विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या मते राज्यघटनाच गुलामगिरीशी हातमिळवणी करणारी असल्याने मतदान करणे म्हणजे त्या पापात वाटेकरी होणे होते, तर लिबर्टी पार्टीला मतपेटीच्या मार्गानेच लढायचे होते. ज्यांनी गॅरिसन यांचा बहिष्कार नाकारून मतदान स्वीकारले, त्यांच्यासमोर दोन मोठे पक्ष होते आणि दोन्ही पक्षांचे उमेदवार गुलाममालक होते. कमी वाईट आणि अधिक वाईट यांतून निवड करण्याचे शहाणपण त्यांना कळत नव्हते असे नाही. परंतु प्रत्येक वेळी हेच शहाणपण पाळले तर मोठ्या पक्षांना गुलामगिरीचा प्रश्न कधीच हाती घ्यावा लागणार नाही, हेही त्यांना दिसत होते.

आता क्ले विजयी झाले असे धरून चालावे. पहिली शंका अशी की टायलर मार्च १८४५ पर्यंत पदावर होतेच आणि प्रत्यक्षातही विलीनीकरण त्यांच्याच सहीने झाले. मग क्ले यांच्या विजयाने काय फरक पडला असता? करारासाठी सिनेटची दोन-तृतीयांश मते लागतात, म्हणून टायलर यांनी दोन्ही सभागृहांच्या साध्या बहुमताने मंजूर होणाऱ्या संयुक्त ठरावाची वाट धरली आणि पोल्क यांचा विजय म्हणजे विलीनीकरणाला जनतेचा कौल, असा अर्थ लावला. एवढे असूनही २७ फेब्रुवारी १८४५ रोजी हा ठराव सिनेटमध्ये २७ विरुद्ध २५ इतक्या निसटत्या मतांनी संमत झाला. विलीनीकरणाच्या बाजूने मत देणाऱ्यांत तीन व्हिग होते, आणि काही साशंक डेमोक्रॅट केवळ या समजुतीने आले होते की नवा राष्ट्राध्यक्ष पोल्क मेक्सिकोला न दुखावता नव्याने वाटाघाटी करील. एक मत जरी फिरले असते तरी समसमान मते होऊन ठराव पडला असता, कारण राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या मृत्यूनंतर टायलर वर चढल्यामुळे निर्णायक मत देणारे उपराष्ट्राध्यक्षपद रिकामे होते. जनतेने नुकतेच क्ले यांना निवडून दिले असताना आणि पाच दिवसांत ते सूत्रे हाती घेणार असताना तीन व्हिगांनी पक्ष सोडला असता, किंवा साशंक डेमोक्रॅटांनी विश्वास ठेवला असता, असे मानणे कठीण आहे.

टेक्सासचे मग काय झाले असते याचीही खूण कागदोपत्री सापडते. मे १८४५ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या मध्यस्थीने मेक्सिकोच्या सरकारने टेक्सासचे स्वातंत्र्य मान्य करण्याची तयारी दाखवली होती. अट एकच, की टेक्सासने अमेरिकेत सामील होऊ नये. अमेरिकेचा दरवाजा उघडा असल्याने टेक्सासने तो देकार नाकारला. दरवाजा बंद असता तर तो स्वीकारण्यावाचून त्या कर्जबाजारी प्रजासत्ताकाला फारसा पर्याय नव्हता. सीमेवरील झटापटीचे निमित्त करून पोल्क यांनी मे १८४६ मध्ये सुरू केलेले युद्ध तेव्हा झाले नसते, आणि फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो येथील तहाने मेक्सिकोकडून घेतलेला, पाच लाख चौरस मैलांहून मोठा प्रदेश मेक्सिकोकडेच राहिला असता. क्ले यांच्या घरापुरता या युद्धाचा हिशेब फार क्रूर ठरला: त्यांचा स्वतःचा मुलगा हेन्री क्ले (धाकटा) फेब्रुवारी १८४७ मध्ये ब्वेना व्हिस्टाच्या लढाईत मारला गेला.

देशाच्या राजकारणावरील परिणाम याहून खोल होता. १८२० च्या मिझुरी तडजोडीने अमेरिकेच्या ताब्यातील पश्चिमेकडील प्रदेशात गुलामगिरी कोठपर्यंत चालेल याची रेषा आखली होती आणि त्यामुळे तो वाद जवळजवळ पाव शतक निजलेला होता. युद्धातून नवा प्रदेश मिळणार हे दिसताच, ऑगस्ट १८४६ मध्ये, पेनसिल्व्हेनियाचे डेमोक्रॅट प्रतिनिधी डेव्हिड विल्मट यांनी मेक्सिकोकडून मिळणाऱ्या कोणत्याही भूमीत गुलामगिरी असू नये अशी उपसूचना मांडली. ती प्रतिनिधिगृहात संमत झाली आणि सिनेटमध्ये अडली, पण मतदान पक्षांनुसार न होता उत्तर आणि दक्षिण असे झाले, हीच तिची खरी फलश्रुती होती. तेथून पुढे १८५० ची तडजोड आणि तिच्यातला पळालेल्या गुलामांना पकडून देण्याची सक्ती करणारा कायदा, १८५४ मध्ये मिझुरीची रेषाच पुसून टाकणारा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, व्हिग पक्षाचा अंत, रिपब्लिकन पक्षाचा उदय आणि अखेर १८६० हा क्रम लागला. विल्मट यांची उपसूचनाच नसती, तर उत्तरेत आणि दक्षिणेत दोन्हीकडे पाय रोवून असलेले दोन जुने पक्ष बँक, आयातकर आणि रस्ते-कालवे यांवरच भांडत राहिले असते, आणि क्ले यांना तर तेच हवे होते.

येथपर्यंतचा तर्क भक्कम आहे. पुढे तो विरळ होत जातो. जॉन सटर यांची वसाहत कॅलिफोर्नियात १८३९ पासून होती आणि जानेवारी १८४८ मध्ये त्यांच्या लाकूड गिरणीजवळ सोने सापडले ते युद्धामुळे नव्हे, त्यामुळे ते याच सुमारास केव्हातरी सापडलेच असते. हजारो अमेरिकी लोक तिकडे धावले असते आणि दुबळ्या मेक्सिकोला हा दूरचा प्रांत राखता आला नसता. कॅलिफोर्निया हे दुसरे टेक्सास झाले असते, मात्र एका मोठ्या फरकासह: प्रत्यक्षात १८४९ मध्ये तेथील लोकांनी आपली राज्यघटना लिहिताना गुलामगिरीला एकमताने बंदी घातली होती. म्हणजे १८५० च्या दशकात गुलामगिरी असलेले एक आणि नसलेले एक अशी दोन प्रजासत्ताके अमेरिकेच्या दाराशी उभी राहिली असती, आणि मिझुरी व मेन यांना जोडीने प्रवेश देणाऱ्या १८२० च्या तडजोडीचीच आवृत्ती पुन्हा काढण्याचा मोह क्ले यांच्या वळणाच्या राजकारण्यांना नक्कीच झाला असता. ती टिकली असती का, यावर इतिहासकारांत मतभेद होणारच. पण टिकली असती तर यादवी टळली असती, हे मान्य करावे लागते.

यादवीत सहा लाख वीस हजार माणसे मेली असे दीर्घकाळ मानले जाई आणि नव्या गणनेप्रमाणे हा आकडा साडेसात लाखांच्या आसपास जातो. पर्यायी इतिहासाची पुस्तके बहुधा येथे थांबतात आणि हे सारे प्राण वाचले असते असा जमाखर्च मांडतात. हा जमाखर्च अपुरा आहे. १८४० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे २५ लाख गुलाम होते आणि १८६० मध्ये ते साडेएकोणचाळीस लाख झाले. त्याच सुमारास देशाच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा होता आणि गुलामांच्या किमती चढत होत्या. आपोआप मरणाऱ्या व्यवस्थेची ही लक्षणे नाहीत. स्पॅनिश क्यूबात गुलामगिरी १८८६ पर्यंत आणि ब्राझीलमध्ये १८८८ पर्यंत चालली, आणि अमेरिकेतील गुलाममालक या दोन्हीकडच्या मालकांपेक्षा सत्तेत अधिक घट्ट बसलेले होते.

टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या या जर-तरचे धागे महाराष्ट्रापर्यंतही येतात. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, आणि मुंबईत बॅक बे भरणीच्या शेअर्सपर्यंत पोचलेला सट्टा युद्ध संपताच कोसळला. याहून अर्थपूर्ण दुवा १८७३ चा आहे: जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला. क्ले जिंकले असते तर १८७३ मध्ये अशी अर्पणपत्रिका लिहिण्याजोगे अमेरिकेत काही घडलेले असते का, याची शंकाच आहे.

क्ले यांच्या हातून मुक्ती कोणत्या वेगाने आली असती याचे अनुमान करण्यासाठी त्यांच्याच आयुष्यात एक आधार आहे. गुलामगिरी वाईट आहे असे ते तरुणपणापासून म्हणत आले, परंतु मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवणाऱ्या अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटीचे ते १८३६ पासून मृत्यूपर्यंत अध्यक्ष होते, आणि लेक्सिंग्टनजवळच्या त्यांच्या ॲशलंड या शेतावर गुलाम राबतच होते. १८५२ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात अशी तरतूद होती की १ जानेवारी १८५० नंतर आपल्या गुलाम स्त्रियांच्या पोटी जन्मलेली मुले मुक्त व्हावीत, मुलगे २८ व्या आणि मुली २५ व्या वर्षी, आणि मग त्यांना लायबेरियात पाठवावे. त्यांच्या आईबापांना ही सवलत नव्हती. राष्ट्राचा कारभार क्ले यांनी आपल्या घराइतक्याच उदारपणे केला असता असे धरले, तरी १८५० मध्ये केंटकीत जन्मलेला गुलाम मुलगा १८७८ मध्ये मोकळा झाला असता, आणि तोही जन्मभूमी कायमची सोडण्याच्या अटीवर. प्रत्यक्षात राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये लागू झाली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर त्याचे आईबापही मुक्त झाले, आणि त्यांच्यापैकी कोणालाही देश सोडावा लागला नाही.